उत्तर येईपर्यंत

काही आजार माणसाचे शरीर झिजवतात, तर काही त्याची स्मृती पुसून टाकतात. मोटर न्यूरॉन डिसीज या नावाने ओळखला जाणारा आजार घरात येतो तो या दोहोंहून वेगळे दुःख घेऊन. त्यात हातांतले बळ जाते, पायांतले जाते, जिभेवरचा शब्द जातो, घास गिळणे अवघड होते आणि अखेरीस श्वासही परस्वाधीन होतो. परंतु पुष्कळ रुग्णांमध्ये आतला माणूस जागाच राहतो. त्याला दिसते, ऐकू येते. अंगावर बसलेली माशी त्याला जाणवते, पण उडवता येत नाही. स्वयंपाकघरात त्याच्याविषयी चाललेली कुजबुजही त्याच्या कानांवर पडत असते.

अशा माणसाच्या घरी आपण प्रार्थनेला जातो, फळे नेतो, धीराचे दोन शब्द बोलतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु या आजाराने आपल्यापुढे जो प्रश्न ठेवला आहे तो दयेच्या पलीकडचा आहे. ज्याला स्वतःच्या हाताने काहीच करता येत नाही, त्याच्या आयुष्याचा धनी कोण? जो त्याला भरवतो, पुसतो, रात्री कूस पालटून देतो, तो? की अजूनही तो स्वतःच? प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच प्रश्नाचा विचार करू इच्छितो. कारण आमच्या मते रुग्णाची सेवा आणि सेवा करणाऱ्याचे मनःस्वास्थ्य या दोन्ही गोष्टी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

प्रथम आजाराची थोडी ओळख करून घेऊ. मेंदूकडून आणि पाठीच्या कण्यातून स्नायूंकडे हालचालीचा निरोप नेणाऱ्या काही चेतापेशी असतात. या आजारात त्या हळूहळू मरत जातात. निरोपच पोहोचला नाही की स्नायू दुबळा होतो, फडफडतो आणि वाळत जातो. फ्रान्समधील शार्को या वैद्याने १८६९ च्या सुमारास या आजाराचे सविस्तर वर्णन केले. अमेरिकेत तो ल्यू गेरिग या बेसबॉल खेळाडूच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या आजाराचे निदान १९३९ साली झाले आणि १९४१ साली त्याचे निधन झाले. शंभरांतील सुमारे दहा रुग्णांमध्ये हा आजार घराण्यातून आलेला असतो. उरलेल्यांमध्ये तो का होतो हे विज्ञानाला पुरते उलगडलेले नाही. पहिली लक्षणे दिसल्यापासून पुष्कळ रुग्ण दोन ते पाच वर्षांत जातात. दहांतील एखादा दहा वर्षांहून अधिक जगतो. १९९५ पासून उपलब्ध असलेले रिलुझोल हे औषध आयुष्यात काही महिन्यांची भर घालते. २०२३ साली अमेरिकेत टोफरसन या औषधाला मान्यता मिळाली, पण ते एका विशिष्ट जनुकात दोष असलेल्या मोजक्याच रुग्णांसाठी आहे. आजार समूळ बरा करणारे औषध आज नाही.

आणखी तीन गोष्टी कुटुंबियांनी ध्यानात ठेवाव्यात. पहिली ही की, हा आजार संसर्गाने होत नाही. रुग्णाचा पेला वेगळा ठेवण्याचे काही कारण नाही. दुसरी ही की, काही रुग्णांना हसू किंवा रडू आवरत नाही. दुःखाची बातमी ऐकून ते हसत सुटतात. तो निर्दयपणा नव्हे आणि वेडही नव्हे. चेहऱ्यावरचा ताबा सुटल्याची ती खूण आहे. तिसरी गोष्ट अशी की, काही रुग्णांच्या विचारशक्तीवर व स्वभावावर कमीअधिक परिणाम होतो, आणि थोड्यांमध्ये तो गंभीर असतो. म्हणून प्रत्येक रुग्णाची बुद्धी शाबूत आहे असे सरसकट म्हणता येणार नाही. पण ती शाबूत नाही असे गृहीत धरणे हा त्याहून मोठा अन्याय होय.

हा कोणाच्या पापाचा दंड नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून शिष्यांनी विचारले होते की, पाप याने केले की याच्या आईवडिलांनी? प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला. आपल्या खेड्यापाड्यांत कोणी करणी म्हणेल, कोणी पूर्वजांचा दोष म्हणेल. ख्रिस्ती माणसाने त्या वाटेला जाऊ नये, आणि रुग्णाच्या पत्नीला किंवा आईला तशा शंकेने जाळू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या आजाराने माणूस परावलंबी होतो, आणि परावलंबनात त्याची प्रतिष्ठा नष्ट होते, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला ते पटत नाही. आपण सर्वजण परावलंबी म्हणूनच जन्मलो. कोणीतरी पाजले, धुतले, उचलले म्हणून वाढलो. ज्याची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या हातून घास घेतल्याने जाते, त्याला ती मुळात मिळालीच नव्हती असे म्हणावे लागेल. प्रभू येशूलाही गव्हाणीत कोणीतरी गुंडाळून ठेवले आणि क्रुसावरून कोणीतरी उतरवून घेतले. त्या दोन्ही क्षणी तो परक्या हातांत होता, आणि त्या दोन्ही क्षणी आपण त्याची आराधना करतो.

प्रतिष्ठा जाते ती दुसऱ्याच मार्गाने. ती जाते कोणी आपल्या वतीने बोलू लागल्यावर. पाहुणा येतो, खुर्चीत बसलेल्या रुग्णाकडे एकवार पाहतो आणि पत्नीला विचारतो, ‘‘काय म्हणते यांची तब्येत?’’ पत्नी सांगते, ‘‘ह्यांना आताशा चहा चालत नाही, ठसका लागतो.’’ मुलगा पुस्ती जोडतो, ‘‘बाबांना गर्दी आवडत नाही.’’ तिघेही प्रेमाने बोलत आहेत, तिघांचे म्हणणेही खरे आहे; आणि ज्याच्याविषयी हे चालले आहे तो समोर बसून ऐकतो आहे. एका वाक्यासाठी त्याला पाच मिनिटे लागणार, पाहुण्याला तर निघायचे आहे. म्हणून वाक्य दुसऱ्यानेच पुरे करायचे. दिवसांतून वीस वेळा असे झाले की महिन्याभरात तो प्रयत्न सोडतो, आणि घरातले म्हणतात, ‘‘आता ते बोलायचा प्रयत्नच करत नाहीत.’’

शुभवर्तमानात या संदर्भात दोन प्रसंग आहेत, आणि दोन्ही आपण वरवर वाचतो. यरीहोच्या रस्त्यावर बार्तिमय नावाचा आंधळा भिकारी येशूला हाका मारत होता. लोक त्याला गप्प बसवू पाहत होते. येशूने त्याला बोलावले आणि विचारले की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवे असणार हे त्या गर्दीतल्या पोरालाही ठाऊक होते. तरीही प्रभूने विचारले आणि उत्तराची वाट पाहिली. रोग बरा करण्यापूर्वी त्याने त्या माणसाला स्वतःची इच्छा स्वतःच्या तोंडाने सांगण्याचा मान दिला.

दुसरा प्रसंग जखऱ्याचा. त्याची वाचा गेलेली होती. मुलाच्या नामकरणासाठी नातेवाईक जमले आणि त्यांनी परस्पर ठरवून टाकले की, मुलाला बापाचेच नाव द्यायचे. मातेने विरोध केला तेव्हा कोठे त्यांनी बापाला खुणेने विचारले. त्याने पाटी मागितली आणि तिच्यावर मुलाचे नाव योहान असल्याचे लिहिले. सगळे थक्क झाले. नातेवाइकांनी जे गृहीत धरले होते त्याहून मुक्या माणसाच्या मनातले उत्तर निराळे होते, आणि ते देवाच्या योजनेतले होते. ज्या घरात बोलता न येणारा माणूस आहे त्या घरात ही पाटी असली पाहिजे.

पाटी कशी असावी? परदेशात डोळ्यांच्या हालचालीवर चालणारी यंत्रे आहेत, आपल्याकडेही ती मिळू लागली आहेत. पण ती महाग पडतात. या आजारात डोळ्यांच्या हालचाली बहुधा शेवटपर्यंत टिकतात, आणि मराठी माणसाच्या हाताशी एक जुने साधन आहे. ते म्हणजे आपली वर्णमाला. तिची रचना ओळींची आहे: क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, आणि मग य पासूनची अक्षरे. पुठ्ठ्यावर या ओळी मोठ्या अक्षरांत लिहाव्यात आणि शेवटी काना, मात्रा, वेलांट्या, उकार यांची एक ओळ द्यावी. सेवा करणाऱ्याने एकेक ओळ उच्चारावी. हवी ती ओळ आली की रुग्णाने पापणी मिटावी. मग त्या ओळीतले एकेक अक्षर म्हणावे. प-वर्ग, त्यातला प, त्याला काना; ट-वर्ग, त्यातला ण, त्याला दुसरी वेलांटी. ‘पाणी’ हा शब्द झाला. अशा रीतीने दोन शब्दांना काही मिनिटे लागतील. पण ते शब्द त्याचे असतील. आवाज शाबूत असतानाच हा सराव सुरू करावा. तो गेल्यावर शिकणे जड जाते.

हे केवळ समजुतीखातर सांगितलेले नाही. जयंत नारळीकरांनी एक आठवण सांगितली आहे. १९६१ साली इंग्लंडमधील एका विज्ञानशिबिरात ते स्टीफन हॉकिंग या तरुणाबरोबर टेबल टेनिस खेळले होते. नारळीकर पुढे पुण्याच्या ‘आयुका’चे संस्थापक संचालक झाले आणि २०२५ साली निवर्तले. चेंडू टोलवणाऱ्या त्या तरुणाला दोनच वर्षांनी, वयाच्या २१ व्या वर्षी, हा आजार असल्याचे निदान झाले. १९८५ साली जिनिव्हा येथे हॉकिंग न्यूमोनियाने अत्यवस्थ झाले. श्वसनयंत्र बंद करायचे का, असे तेथील डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, जेन यांना विचारले. त्यांनी नकार दिला. केंब्रिजला आणून त्यांच्या श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया करण्यात आली आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. त्यानंतर काही काळ ते पुठ्ठ्यावरच्या अक्षरांकडे कोणी बोट दाखवले की भुवई उंचावून अक्षर निवडत असत. संगणकाचा आवाज नंतर आला. याच स्थितीत त्यांनी ग्रंथ लिहिले, १९८६ साली ते परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीचे सदस्य झाले, जानेवारी २००१ मध्ये मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी आले, आणि १४ मार्च २०१८ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी निवर्तले.

हॉकिंग यांचे उदाहरण द्यायला आम्हांला थोडा संकोचही वाटतो. त्यांचा आजार विलक्षण संथ गतीने वाढला. इतके दीर्घ आयुष्य फारच थोड्यांना लाभते. त्यांच्यामागे विद्यापीठ होते, परिचारिका होत्या, पैसा होता. ते ईश्वर मानत नव्हते, आणि उत्तरायुष्यात त्यांनी इच्छामरणाच्या बाजूने मतही मांडले. वर्षानुवर्षे सेवा करून जेन थकल्या, आणि १९९५ साली त्यांचा विवाह कायद्याने संपुष्टात आला. हे सर्व लपवून त्यांना आदर्श म्हणून भिंतीवर टांगणे योग्य नव्हे. पण भुवईच्या एका हालचालीसाठी पुठ्ठा धरून थांबणारे कोणीतरी होते म्हणून जगाला त्यांचा पुढचा शब्द ऐकू आला, एवढी गोष्ट निर्विवाद आहे.

दुसऱ्याच्या आयुष्याचा निर्णय त्याला न विचारता घेणे म्हणजे काय, हे मुळशीच्या माणसाला समजावण्यासाठी दूर जावे लागत नाही. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी येथे धरण बांधायचे ठरले तेव्हा मावळ्यांच्या जमिनी बुडणार होत्या. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला. वीज मुंबईला हवी होती, देशाची प्रगती होणार होती, भरपाईही देऊ केली होती. पण ज्याची भातखाचरे जाणार होती त्याच्या होकाराला किंवा नकाराला किंमत नव्हती. सत्याग्रह अयशस्वी ठरला आणि धरण झाले. दुसऱ्याचे कल्याण त्याला न विचारता ठरवणे हे केवढे ओझे असते, हे त्या जलाशयाच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको. घरातल्या अंथरुणावर तीच गोष्ट छोट्या प्रमाणात घडते. तेथे जुलूम करणारा कोणी नसतो, सगळे मायेचेच असतात. पण बुडणाऱ्याचे म्हणणे कोणी विचारलेले नसते.

याची सुरुवात बहुधा निदानाच्या दिवशीच होते. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, ‘‘बाबांना काही सांगू नका, ते खचतील.’’ हेतू चांगला असतो. पण या आजारात आवाजाची मुदत ठरलेली आहे. ज्या महिन्यांत माणूस बोलू शकतो, लिहू शकतो, जमिनीचे कागद नीट करू शकतो, दुरावलेल्या भावाला फोन करू शकतो, मुलीला चार गोष्टी सांगू शकतो, तेच महिने आपण खोट्या आशेत घालवतो. सत्य कळते तेव्हा शब्द गेलेले असतात. काहींना सारे जाणून घ्यायचे नसते हे खरे. त्यांच्यावर सत्य लादू नये. पण ‘‘तुम्हांला किती सांगू?’’ एवढे तरी त्यांना विचारावे. ‘‘मला नको सांगू’’ हेही त्यांचे उत्तरच आहे, आणि ते त्यांनी द्यावयाचे आहे.

पुढचा प्रश्न याहून कठीण. श्वासाचे स्नायू दुबळे झाले की रात्री नाकातोंडावर मुखवटा लावून हवा देणारे यंत्र पुष्कळांना आराम देते. परंतु पुढे गळ्याला छिद्र पाडून कायमचे श्वसनयंत्र लावायचे का, असा प्रश्न उभा राहतो. ते लावल्याने आयुष्य वाढू शकते. पण दिवसरात्र जागता पहारा लागतो, खर्च चालू राहतो, आणि आजार थांबत नाही. यंत्र नाकारणे म्हणजे आत्महत्या होय का, असे आम्हांला अनेक कुटुंबांनी डोळ्यांत पाणी आणून विचारले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे, आणि लोकांना वाटते त्याहून ती अधिक मायाळू आहे. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी डॉक्टरांसमोर केलेल्या भाषणात सांगितले होते की, जीवन टिकवण्यासाठी सामान्य उपाय करणे हे आपले कर्तव्य आहे. असह्य ओझे होणारे असामान्य उपाय करण्याचे बंधन नाही. १९८० च्या आणि २०२० च्या परमधर्मपीठीय दस्तऐवजांनी हाच विचार पुढे नेला. कोणाला जाणूनबुजून मारणे, किंवा मरण्यास साहाय्य करणे, हे कधीही योग्य नाही. पण रुग्णाला ज्याचे ओझे लाभाहून जड वाटते असा उपचार नाकारणे म्हणजे मृत्यू ओढवून घेणे नव्हे, तर आपण मर्त्य आहोत हे स्वीकारणे होय. धाप कमी करण्यासाठी दिलेले मॉर्फिन पाप नव्हे. अन्नपाणी, स्वच्छता, वेदनाशमन आणि सोबत या गोष्टी मात्र कोणत्याही निर्णयानंतर थांबत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला भारतात मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी करण्यात आली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. आपण पाहतो की धर्म आणि कायदा दोघेही एकच मागणी करतात: ज्याचा श्वास आहे त्याला विचारा, आणि वेळेत विचारा. मध्यरात्री दवाखान्याच्या दारात, घामाघूम झालेल्या मुलाला तो निर्णय घ्यावा लागू नये.

येथपर्यंत आम्ही रुग्णाच्या बाजूने लिहिले. आता जी त्याची सेवा करते तिच्याविषयी. ‘तिच्याविषयी’ असे आम्ही म्हणतो, कारण आमच्या पाहण्यात बहुतेक घरी ती पत्नी असते, आई असते, मुलगी किंवा सून असते. दर दोन तासांनी कूस पालटायची, लाळ ओढून घेणारे यंत्र चालवायचे, जेवण बारीक करून चमच्याचमच्याने भरवायचे, एका घासाला तासाचा हिशेब मांडायचा नाही. मुळशीच्या पावसाळ्यात वीज गेली की यंत्राची बॅटरी किती वेळ टिकेल याचे गणित ती मनात करत असते. आणि एखाद्या पहाटे तिच्या मनात विचार येतो: यातून सुटका झाली तर बरे. त्या विचाराने ती हादरते आणि कबुलीजबाबाला येऊन रडते.

त्या विचारात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. यातना संपाव्यात असे वाटणे आणि माणूस संपावा असे वाटणे एक नव्हे. थकवा हा प्रेमाचा अभाव नव्हे. तो प्रेमाने वापरलेल्या शरीराचा हिशेब आहे. गेथशेमनी बागेत शिष्य झोपी गेले, तेव्हा प्रभूने त्यांच्या देहाचा दुबळेपणा ओळखला. कुरेने गावच्या शिमोनाने तर आपण होऊन क्रूस उचललाच नव्हता; त्याच्यावर तो लादला गेला. तो हसतमुखाने चालला असे शुभवर्तमान सांगत नाही. पण दर चालीसाच्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेवरच्या पाचव्या स्थानी आपण त्याचे स्मरण करतो. न मागता अंगावर पडलेले ओझे त्याने वाहिले, एवढे पुरेसे होते.

शिमोनाविषयी आणखी एक गोष्ट विसरू नये. तो सगळी वाट एकटाच चालला नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही केली नाही. आपण मात्र एकाच स्त्रीला ‘त्यागमूर्ती’ म्हणतो आणि आपापल्या घरी जाऊन झोपतो. ही स्तुती तिच्या काहीच उपयोगाची नाही. शिवाय जी स्वतः चार तास सलग झोपलेली नाही, तिच्याकडून एकेका अक्षरासाठी पापणीकडे पाहत थांबण्याची अपेक्षा करणे हा क्रूरपणा आहे. रुग्णाचे ऐकून घेतले जावे असे वाटत असेल, तर ऐकणाऱ्याला विश्रांती मिळाली पाहिजे. वाट पाहायला वेळ लागतो, आणि तो वेळ धर्मग्रामाने दिला पाहिजे.

मुळशीच्या या पट्ट्यात आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. कोणी पिरंगुटच्या कारखान्यांमुळे आले, कोणी हिंजवडीच्या कंपन्यांमुळे; गाव, भावकी, मावशी-काकू दूर राहिल्या. अशा घरी आजारपण आले की शेजारी हाच नातेवाईक. म्हणून चार घरांनी मिळून आठवड्याचे तास वाटून घ्यावेत. कोणी रविवारी सकाळी दोन तास रुग्णाजवळ बसावे, म्हणजे त्याच्या पत्नीला मिस्साला जाता येईल. तिला झोपायचे असेल तर झोपू द्यावे. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यावर रविवारच्या मिस्साचे बंधन त्या वेळी उरत नाही, हे तिला आपण सांगितले पाहिजे. लाळ ओढण्याचे यंत्र कसे वापरायचे, मान कशी सावरायची, वर्णमालेचा पुठ्ठा कसा धरायचा, हे आपल्या तरुणांनी शिकून घ्यावे. त्याला फार विद्वत्ता लागत नाही.

आम्हां धर्मगुरूंनाही यात आपला वाटा आहे. गिळता येत नाही म्हणून रुग्णाला ख्रिस्तप्रसादापासून वंचित राहावे लागत नाही. प्रसादाचा अगदी लहानसा कण देता येतो. तोही जात नसेल तर, डॉक्टरांनी धोका नाही असे सांगितल्यास, केवळ पवित्र रक्ताचा थेंब देता येतो, कारण गरजेच्या वेळी द्राक्षारसाच्याच रूपात प्रसाद देण्याची मुभा ख्रिस्तसभेच्या कायद्यात आहे. पापांगीकारही खुणांनी करता येतो. रुग्णाची इच्छा असेल तर दुभाषी घेता येतो, आणि त्या दुभाष्यालाही गुप्ततेचे बंधन असते. पण आम्ही म्हणू की धर्मगुरूने स्वतः पुठ्ठा हातात घ्यावा. नवऱ्याने आपली कबुली पत्नीच्या तोंडून का सांगावी? त्याला अर्धा तास लागेल, कदाचित एक तास. त्या तासाइतका उचित वेळ धर्मगुरूच्या दिवसात दुसरा कोणता असेल?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. काही रुग्णांची बुद्धी मंदावते. काहींच्या पापण्यांची हालचालही शेवटी थांबते. ज्याच्याकडून उत्तर येणारच नाही त्याचे काय? त्याची किंमत संपली काय? माणसाची किंमत त्याच्या उत्तरात आहे असे आम्ही म्हटले असते, तर येथे आमचा विचार कोसळला असता. या प्रश्नाला मुंबईने एक उत्तर देऊन ठेवले आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर पाशवी हल्ला झाला आणि त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यांचा आजार वेगळा होता. पण त्यानंतर, १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना भरवले, स्वच्छ ठेवले, नावाने हाक मारली. अरुणाला ओळखत नसलेल्या, तिच्यानंतर जन्मलेल्या मुलींनीही ते केले. आभाराचा एक शब्दही येणार नाही हे ठाऊक असताना केले. २०११ साली सर्वोच्च न्यायालयात त्यांचा विषय आला, तेव्हा त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने या सेवा करणाऱ्यांचाच मानला.

यावरून असे दिसते की, वाट पाहणे ही रुग्णाच्या क्षमतेची परीक्षा नव्हे. ती आपण त्याला माणूस मानतो याची कबुली आहे. उत्तर आले तर ते प्रमाण मानायचे. आले नाही, तर त्याने पूर्वी सांगून ठेवलेले आठवायचे, त्याला काय आवडत होते ते स्मरायचे, आणि तरीही त्याच्याशी बोलतच राहायचे, त्याच्याविषयी नव्हे. बेथेस्दाच्या कुंडाकाठी अडतीस वर्षे पडून असलेल्या माणसाची तक्रार पाय चालत नाहीत अशी नव्हती. मला पाण्यात उतरवायला माझे असे कोणी नाही, ही होती. प्रभूने त्यालाही आधी प्रश्न विचारला होता.

आपल्या धर्मग्रामात असे घर आज असेल किंवा उद्या असेल. त्या घरी जाताना फार मोठी तयारी नको. दाराशी उभे राहून पत्नीला तब्येत विचारू नये. आत जावे, खुर्ची रुग्णाच्या नजरेसमोर ओढून घ्यावी, त्याला नावाने किंवा नात्याने हाक मारावी, एक साधा प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत उठू नये.